आधी मान, मग पाय

सरांना माझा चेहरा माहीत नव्हता. आम्ही एकाच विभागात शिकवत होतो, एकाच टेबलावर डबे खात होतो आणि आठवड्यातून एकदा तरी कडाकडा भांडत होतो. पण मी गोरी की सावळी, हे त्यांना कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. माझे पाय मात्र त्यांना तोंडपाठ होते. उजव्या चपलेची टाच बाहेरच्या अंगानं झिजते, डाव्या करंगळीचं नख वाकडं आहे, आणि डोकं फिरलं की मी टाच आपटत चालते, हे सगळं त्यांनी मी नोकरीला लागले त्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. "मॅडम, आज कुणाशी वाजलं?" मी दारातून आत पाऊल टाकायच्या आधीच ते विचारायचे. आणि खरोखरच कुणाशी तरी वाजलेलं असायचं. बहुतेक वेळा पार्किंगच्या वॉचमनशी.

सरांची मान खाली गेली होती. मणक्यांचा एक संधिवात असतो. त्यात मणके हळूहळू एकमेकांना हाडानं जोडले जातात आणि पाठीची एकसंध काठी होते. सरांची काठी वरच्या टोकाला पुढं वाकली, हनुवटी छातीकडं आली आणि तिथंच हाडानं घट्ट धरली. समोर बघायचं तर त्यांना गुडघे वाकवून अख्खं अंग मागं रेलावं लागायचं. एवढं करून समोरच्याच्या शर्टाचं मधलं बटण दिसायचं. असली कसरत ते कुणासाठी करत नसत, प्राचार्यांसाठीही नाही. प्राचार्यांच्या बुटांकडं बघूनच ते म्हणायचे, "साहेब, लेस सुटलीय तुमची." प्राचार्य चरफडत खाली वाकायचे.

हे सगळं मी आठवत होते ते शहरातल्या एका दवाखान्यात, ऑपरेशन थिएटरबाहेरच्या स्टीलच्या बाकावर बसून. शेजारी काकू होत्या, म्हणजे सरांच्या बायको. आत सरांच्या मानेचं हाड कापून डोकं वर उचलायचं काम चाललं होतं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. मान सरळ होईल, समोरचं दिसेल. पण त्याच हाडाच्या आतून मज्जारज्जू जातो, त्याला धक्का लागला तर हातापायांतली ताकद जाऊ शकते. आज आपल्या पायांनी आत चालत गेलेला माणूस पुन्हा उभा राहीलच, असं ते सांगू शकत नव्हते.

"चालतंय ते चालू द्या म्हणलं होतं मी," काकू समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाल्या. "खाली बघून का व्हईना, आपल्या पायानं संडासला तर जात व्हता माणूस. आता काय वाढून ठेवलंय कुणास ठाऊक."

मी बाकावर त्यांच्याजवळ सरकून बसले.

सरांचा विषय होता पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांची शरीररचना. त्यातही मासे पाण्यातून जमिनीवर कसे आले, हा भाग म्हणजे त्यांचा जीव की प्राण. तो ते फळ्यावर शिकवत नसत. फळा त्यांना दिसतच नव्हता. आमच्या प्रयोगशाळेची फरशी शहाबादी, काळपट. सर काठीच्या टोकाला सुतळीनं खडू बांधायचे आणि उभ्याउभ्या फरशीवर चित्रं काढायचे. टेबलाएवढा मासा, त्याची कवटी, खांद्याची हाडं, परांच्या आतली हाडं. मुलं चपला-बूट बाहेर काढून भोवती गोल उभी राहायची. खडू पुसू नये म्हणून हा नियम होता, पण खरं कारण वेगळं होतं, असा माझा संशय आहे. बूट घातले की त्यांना माणसं ओळखू येत नसत.

तास सुरू व्हायचा तो एका आरोळीनं. "नीचे देख!"

सर छावणीत वाढले. वडील लष्कराच्या मेसमध्ये स्वयंपाकी होते. मैदानावर सकाळी कवायत चालायची आणि तारेच्या कुंपणाबाहेर उभं राहून हे पोरगं "दाहिने देख, सामने देख" ऐकत राहायचं. जवानांच्या माना एकदम वळायच्या, एकदम समोर यायच्या, हे बघायला त्यांना फार आवडे. "माझी मान तवा लोण्यासारखी वळायची, मॅडम," एकदा ते म्हणाले होते. "कुणाला सांगून खरं वाटणार नाय." मग लगेच त्यांनी विषय बदलला आणि कुणाच्या तरी पायाला भेगा पडल्यात म्हणून त्याला व्हॅसलीन लावायला सांगितलं.

तर मासा. माशाला मान नसते, हे मला बी. एस्सी.पासून माहीत होतं. पण ते कळलं सरांच्या फरशीवर. माशाचं डोकं मागच्या खांद्याच्या हाडांना जोडलेलं असतं, मध्ये हाडांच्या पट्ट्या असतात. त्याला बाजूला बघायचं तर अख्खं अंग वळवावं लागतं. सर तेवढं चित्र काढायचे, थांबायचे, आणि मग पायाचा अंगठा पुढं करून डोकं आणि खांदा यांच्यामधल्या त्या पट्ट्या सावकाश पुसून टाकायचे.

"ही झाली मान," ते म्हणायचे. "नवीन काय बी आलं नाय. मधलं हाड गेलं, अन् मान झाली. आता हा प्राणी उथळ पाण्यात डोकं वर काढून बघू शकतो, एखादा किडा टिपू शकतो. पाय हायेत का त्याला?"

मुलं म्हणायची, "हो सर."

"नीचे देख! कुठं हायेत पाय? परच हायेत अजून. आधी मान मोकळी झाली. बोटं अन् पाय मागून आले. अन् आले तेबी चालायला आले नव्हते, पाण्यातल्या झाडोऱ्यातनं वाट काढायला आले. चालायचं फार नंतर सुचलं."

एखादा हुशार मुलगा विचारायचा, "सर, मग तुम्ही?" वर्ग चपापायचा. सर पोट हलवून हसायचे, कारण त्यांच्या बरगड्याही जखडलेल्या होत्या आणि हसू, श्वास, खोकला सगळं पोटानंच चालायचं. "माझी गाडी उलटी चाललीय, बाबा. डोकं खांद्याला जोडलं गेलं. मासा व्हतोय मी. आणखी थोड्या दिवसांनी मला टबात ठेवा."

मला हा विनोद अजिबात आवडत नसे. एकदा मी तसं तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "विनोद नाय तो, मॅडम. निरीक्षण हाय."

निरीक्षण या शब्दावर त्यांचा फार जीव होता. विभागात नवीन येणाऱ्या प्रत्येकाची ते एक परीक्षा घ्यायचे. विद्यार्थी असो की शिक्षक, सुटका नाही. त्यांनी स्वतः शाडूच्या मातीचा एक पंजा केला होता. जमिनीशी नातं जोडू पाहणाऱ्या सगळ्यात जुन्या प्राण्यांपैकी एकाचा तो पंजा. दगडात मिळालेल्या हाडांच्या छायाचित्रांवरून त्यांनी तो घडवला होता. मी गंगापूरहून एसटीनं येऊन, तासिका तत्त्वावरची का होईना नोकरी मिळाली म्हणून पेढे घेऊन दारात उभी, आणि सरांनी तो पंजा माझ्यासमोर ठेवला. "काढा याचं चित्र."

मी एम. एस्सी.ला पहिल्या वर्गात आलेली. झटक्यात काढलं. मनगट, तळवा, बोटं, छायाप्रकाशासकट. सरांनी कागद खाली धरून बघितला.

"बोटं किती?"

"पाच."

"पंज्याची मोजा."

मी मोजली. आठ होती. खोटं नाही, समोर धडधडीत आठ बोटं होती आणि मी पाच काढली होती. तोंडात मारल्यासारखं झालं. पुढं कळलं की सगळेच पाच काढतात. चार पायांच्या प्राण्याला पाच बोटं, हे शाळेपासून डोक्यात इतकं बसलेलं असतं की डोळे पुढचं मोजतच नाहीत.

"तुम्ही पाहिलं नाही," सर म्हणाले, "आठवलंत." आणि पेढा घेतला.

हे वाक्य त्यांनी मला नंतर अनेकदा ऐकवलं. दर वेळी अंगाचा तिळपापड झाला आणि दर वेळी ते खरं होतं.

डबा खाताना त्यांच्या टेबलावर बोलायची बंदी होती. माशाच्या जबड्याला आधार देणारं एक हाड होतं, तेच पुढं बारीक होत होत जमिनीवरच्या प्राण्यांच्या कानात गेलं आणि ऐकायच्या कामाला लागलं. सरांच्या मते, ज्या हाडानं एकेकाळी जबडा पेलला त्याला जेवताना तरी शांतता मिळावी. मला वाटतं त्यांना गिळायला त्रास व्हायचा, घास अडकायचा, आणि बोलण्यात तो दिसू नये म्हणून हा सगळा घाट होता. मी त्यांना कधी तसं म्हणाले नाही. मुकाट्यानं भाकरी खायचे.

घरी परतताना मी त्यांना माझ्या स्कूटीवरून छावणीपर्यंत सोडायचे. मागं बसून ते रस्ता खालून वाचायचे. "मिल कॉर्नर आलं. हा खड्डा दिवाळीपास्नं हाय." चौकातले फलक, नवी दुकानं, झाडं, आकाश, यातलं काही त्यांच्या शहरात उरलं नव्हतं. त्यांचं शहर डांबर, गटाराची झाकणं आणि पाय यांचं होतं.

हे असंच चालत राहिलं असतं. काकूंचंही तेच म्हणणं होतं. पण शहागंजच्या बाजारात ती दुपार आली.

आम्ही खडू आणि शाडू आणायला गेलो होतो. गर्दीत चालायची आमची एक पद्धत होती. सर कुणाचा हात धरत नसत. "हात धरला की माणूस म्हातारा व्हतो," म्हणायचे. मी अर्धं पाऊल पुढं चालायचं, त्यांनी माझ्या टाचांवर नजर ठेवायची. टाचा थांबल्या की थांबायचं, वळल्या की वळायचं. इतक्या महिन्यांत ही पद्धत एकदाही चुकली नव्हती.

त्या दिवशी माझ्या जुन्या चपलेचा अंगठा तुटला. सर खडूच्या दुकानात होते तेवढ्यात मी शेजारच्या दुकानातून नवीन चप्पल घेतली, तिथंच पायांत घातली आणि जुनी पिशवीत टाकली. बाहेर येऊन म्हणाले, "चला सर." गाड्यांच्या भोंग्यांत माझा आवाज विरून गेला. सर पायरी उतरून टाचा शोधत होते. तपकिरी चप्पल, बाहेरून झिजलेली टाच. तशी एक जोडी त्यांच्यासमोरून गेली आणि ते तिच्यामागं निघाले.

मी चार पावलं चालून मागं बघितलं तर सर नव्हते.

ते रस्त्याच्या मधोमध होते. कुणा अनोळखी बाईच्या मागं ते निमूट चालले होते, ती बाई झपकन पलीकडं निघून गेली होती, आणि लोखंडी सळयांनी भरलेला एक टेम्पो रिव्हर्समध्ये त्यांच्याकडं येत होता. सळया मागं हातभर बाहेर आलेल्या, टोकाला लाल फडकं बांधलेलं. त्या बरोबर सरांच्या टाळूच्या उंचीवर होत्या. ते फडकं शहागंजातल्या प्रत्येक माणसाला दिसत होतं, एक सर सोडून.

"सर!" मी ओरडले. "सर, थांबा!"

ते थांबले. पण थांबून काय उपयोग? टेम्पो येतच होता. त्यांना वाटलं, टाचा कुठं गेल्या ते शोधावं. ते खाली बघत जागच्या जागी गोल फिरू लागले. मी माणसांना ढकलत धावत होते आणि मला स्वच्छ दिसत होतं की मी पोचणार नाही.

एका केळीवाल्यानं गाडा सोडून त्यांचा दंड धरला आणि खसकन ओढलं. सळईनं डोक्यावरची टोपी उडवली, कातडं खरचटलं, तेवढ्यावर भागलं. "क्या चचा, मरने निकले क्या?" केळीवाला ओरडला. "सामने देख के चलना नै आता?"

खडूची पेटी सरांच्या हातातून पडली होती, सगळे खडू तुटले होते. मी ते गोळा करायला वाकले, आणि माझं तोंड खाली त्यांच्या नजरेच्या टप्प्यात आलं असेल, पण त्यांचे डोळे मिटलेले होते. माझा संताप अनावर झाला होता. टेम्पोवाल्याला मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. मग रस्त्याच्या कडेला बसून मी रडले. भर शहागंजात, घड्याळाच्या मनोऱ्याखाली.

"त्या बाईची चाल तुमच्यासारखी नव्हती," सर म्हणाले. "ती टाच आपटत नव्हती. मला कळायला पाहिजे व्हतं. तपकिरी चप्पल दिसली अन् तुम्हीच म्हणून मी मागं चाललो." मग काठीनं तुटका खडू सरकवत म्हणाले, "मी पाहिलं नाही, मॅडम. आठवलं."

दुसऱ्या दिवशी ते सर्जनला भेटून आले.

काकूंनी मला घरी बोलावून घेतलं आणि समजूत घालायला सांगितलं. मी तयारीनिशी गेले. सर चार उशांना टेकून बसले होते. सपाट झोपणं त्यांना जमत नव्हतं, डोकं अधांतरी राहायचं.

"पाय गेले तर?" मी सरळच विचारलं.

"आधी मान मोकळी झाली. पाय मागून आले. निसर्गानं हाच क्रम लावलाय."

"निसर्गाला घरी बायकोला उत्तर द्यायचं नव्हतं. आणि तो मासा होता सर. त्याला पाय नव्हते तरी पोहता येत होतं. तुम्ही काय करणार? छावणीत कुठं पोहणार?"

ते पोट हलवून हसले. मग हसू थांबलं. "मॅडम, त्या केळीवाल्याचे पाय मी पाहिले. फाटकी स्लीपर, घोट्यावर जुना व्रण. माझा जीव वाचवला त्यानं, अन् उद्या तो समोर आला तर मी त्याला घोट्यावरून शोधायचा? माणसाचं तोंड बघून मला जमाना झाला. पोरगं बोलताना हसतंय का रडकुंडीला आलंय, कळत नाय. ही," त्यांनी स्वयंपाकघराकडं काठी केली, "ही कशी दिसते आता, मला ठाऊक नाय."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. मी उठले. समजूत घालायचं काम माझ्याकडून झालं नाही.

आणि आता हा बाक. सरांना आत जाऊन किती वेळ झाला ते बघायची माझी हिंमत नव्हती. काकू पदराचं टोक पिळत होत्या.

"एक सांगू का तुला," त्या एकदम म्हणाल्या. "दर महिन्याला ते मला मोजायला लावायचे. हनुवटी अन् छातीच्या मधी किती बोटं बसतात. आधी तीन बसायची. मग दोन. मग एक बी बसंना, बाई. पण मी दोनच सांगत राहिले. वर्ष वर्ष दोनच सांगितलं. त्यांना काय दिसतंय? म्हणायचे, बरं हाय, दोनवर थांबलंय."

मी त्यांचा हात धरला. गार पडला होता.

शेवटी दार उघडलं. डॉक्टर बाहेर आले, टोपी काढली. मान व्यवस्थित वर आली आहे, पट्ट्या आणि स्क्रू बसवलेत, शुद्ध येतेय. काकूंनी विचारलं, "पाय?" डॉक्टर क्षणभर थांबले. "हालचाल आहे. बघू. थोडा वेळ द्यावा लागेल. छान आहे सगळं." आणि निघून गेले. त्या थांबण्याचा अर्थ लावत आम्ही दोघी अतिदक्षता विभागाच्या दारापर्यंत गेलो. परिचारिका म्हणाली, एकानं आत जायचं.

काकू मागं सरकल्या. "तू जा आधी."

"अहो काकू, असं कसं? तुम्ही..."

"तू जा म्हणते ना! त्यांनी इचारलं पाय हालतात का, तर मी व्हय म्हणून बसंन. हालले नसले तरी म्हणंन. मला दुसरं येतच नाय." त्यांनी मला दाराकडं ढकललं. "तू खरं सांगशील. जा."

मला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नाही. आतला गारवा, यंत्रांचे आवाज, आणि पलंगावर सपाट झोपलेले सर. सपाट! डोक्याभोवती धातूची चौकट होती, ती डोकं हलू देत नव्हती. चेहरा छताकडं. मी तो चेहरा असा पूर्ण कधी पाहिला नव्हता. हनुवटीला एक खळी होती. इतकी वर्षं ती छातीत लपून राहिली होती.

मी त्यांच्यावर वाकले. त्यांचे डोळे माझ्या तोंडावर येऊन थांबले आणि गोंधळले.

"कोण?" आवाज फाटका, अगदी बारीक.

"मी आहे सर."

आवाजावरून ओळख पटली. बराच वेळ ते बघत राहिले. "चष्मा लावता व्हय तुम्ही," ते म्हणाले. "वाटलं नव्हतं."

मी हसले आणि माझे डोळे भरून आले.

"ती बाहेर हाय?"

"हो. त्या म्हणाल्या, आधी तू जा."

"बरं केलं. ती कायम दोनच सांगते."

त्यांना ठाऊक होतं. सगळी वर्षं ठाऊक होतं, आणि दर महिन्याला ते मोजायला लावत राहिले, ऐकत राहिले, बरं हाय म्हणत राहिले.

"डॉक्टर म्हणतो, छान. छान म्हणजे किती?" त्यांनी श्वास घेतला. "मला खालचं दिसत नाय आता. छतच दिसतंय. तुम्ही तिकडं जा, चादर काढा. मी हलवतो. बघा, अन् सांगा."

मी पायथ्याशी गेले. चादर वर केली. ज्या माणसानं सगळ्यांचे पाय पाठ केले त्याचे स्वतःचे पाय मी नीट पाहिले नव्हते. काटकुळे, टाचांना खडूची पांढुरकी रेघ अजून राहिलेली.

"डावा," सर म्हणाले.

डावा पाय थोडा वेळ नुसता पडून राहिला. मग बोटं वाकली, सरळ झाली, पुन्हा वाकली. मी मोजली. एकेक करून मोजली.

"पाच," मी म्हणाले. "पाचही."

"उजवा."

उजव्याकडं मी बघत राहिले. काही होत नव्हतं. सरांच्या कपाळावर घाम आला, यंत्राचा आवाज जरा भरभर होऊ लागला. मग अंगठा हलला. थोडासा, पण हलला. बाकीची चार बोटं तशीच, दुसऱ्या कुणाची असल्यासारखी. मी वाट पाहिली. अंगठा पुन्हा हलला. चार हलली नाहीत.

"किती?"

पाच म्हणायला किती सोपं होतं. जीभ त्या शब्दावर येऊन उभी होती. त्यांना दिसणार नव्हतं. आजचा दिवस तरी ते समाधानानं झोपले असते. मला बाहेर उभ्या असलेल्या काकू कळल्या, त्यांची ती सगळी वर्षं कळली. आणि त्यांनी मला का आत पाठवलं तेही कळलं.

"एक," मी म्हणाले. "अंगठा. बाकीची नाही हलली, सर."

सरांच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी निघालं आणि कानांकडं गेलं. याआधी त्यांचं पाणी छातीवर पडलं असतं.

"पक्कं पाहिलं?"

"दोनदा."

"गर्भात बोटं तयार होतात तवा अंगठा कधी येतो, मॅडम?"

"शेवटी," मी म्हणाले.

"माझा पहिला आला." डोळे मिटून ते पोटानं हळूच हसले. "येतील मग बाकीची. वाट बघू."

ती चार बोटं पुढं महिनाभरात एकेक करून हलू लागली, करंगळी सगळ्यात उशिरा. पण तेव्हा हे मला ठाऊक नव्हतं, त्यांनाही नव्हतं. तेव्हा हातात फक्त एक अंगठा होता.

मी बाहेर आले. काकूंनी काही विचारलं नाही, नुसतं बघितलं. मी जसं होतं तसं सांगितलं. डावा पूर्ण, उजव्याचा अंगठा. त्यांनी मान डोलावली, पदर सारखा केला, कपाळावरचे केस मागं सारले आणि आत गेल्या.

दार अर्धं उघडं राहिलं होतं. काकू सरळ पायथ्याशी गेल्या, वाकल्या आणि दोन्ही हातांनी सरांचे पाय धरून उभ्या राहिल्या. रडत असाव्यात, कारण खांदे हलत होते.

"अगं, तिकडं नको," सरांचा फाटका आवाज आला. "तिकडचं कळलं मला. हिकडं ये. वर ये अशी." काकू डोळे पुसत उशाशी जाऊन त्यांच्यावर वाकल्या, पण मान खाली घालूनच. कवायतीच्या मैदानावर ऐकलेली ती आरोळी सरांनी उरलेल्या श्वासात जमेल तेवढ्या जोरानं दिली.

"सामने देख!"

आणि काकूंनी मान वर केली.